संस्थेचे विश्वस्त मंडळ बळकट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या छोट्या-मध्यम सेवाभावी संस्थांचे विश्वस्त, कार्यवाह आणि पूर्णवेळ कार्यकर्ते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. वसतिगृह, वाचनालय, दिव्यांग मुलांची शाळा, रुग्णसेवा, पाणलोटाचे काम असे कोणतेही काम असले तरी प्रश्न फारसे बदलत नाहीत. बहुतेक मंडळांतली माणसे भली असतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. मंडळ दुबळे होते त्याचे कारण वेगळे आहे. सभेत कोणी काही विचारत नाही आणि इतिवृत्तावर सह्या मात्र सगळ्यांच्या असतात.

आमच्याकडे विश्वस्तही आहेत आणि कार्यकारिणीही आहे. खरी जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्रात बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. पहिल्या कायद्याच्या भाषेत जी कार्यकारिणी, तिचेच सदस्य धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत विश्वस्त म्हणून लागतात. त्यामुळे "मी फक्त कार्यकारिणीत आहे, विश्वस्त नाही" असे कोणी म्हणत असेल तर आधी नोंदवहीचा उतारा, म्हणजे शेड्यूल वन, काढून पाहावा. त्यात नाव असेल तर जबाबदारीही आहे. सल्लागार मंडळ, आश्रयदाते, मार्गदर्शक या मंडळींची नावे पत्रावर छापलेली असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती विश्वस्त नसतात.

काही संस्थांच्या घटनांमध्ये, म्हणजे संस्थेच्या मूळ नियमांत, विश्वस्त मंडळ वेगळे आणि कार्यकारिणी वेगळी अशी रचना असते. तिथे मालमत्ता कोणाकडे, दैनंदिन कारभार कोणाकडे, चेकवर सही कोणाची, हे घटनेतच स्पष्ट हवे. ते संदिग्ध राहिले की पहिल्याच मोठ्या मतभेदात दोन्ही मंडळे एकमेकांना नोटिसा पाठवू लागतात.

काम तर कार्यकर्ते करतात. मग मंडळाने करायचे काय?

संस्था कशासाठी आहे आणि यंदा काय करणार, काय करणार नाही, हे मंडळाने ठरवायचे. पैसा कुठून येतो, कुठे जातो यावर लक्ष ठेवायचे. मुख्य कार्यकर्त्याची नेमणूक करायची, त्याला पाठबळ द्यायचे आणि वर्षातून एकदा त्याच्याशी कामाबद्दल नीट बोलायचे. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे ना, हे पाहायचे. मुलांसोबत काम करणाऱ्या संस्थेत मुलांच्या सुरक्षिततेचे नियम कागदावर आणि प्रत्यक्षात आहेत ना, हेही पाहायचे.

शिबिराला खिचडी करायची की पुलाव, हा विषय मंडळापुढे येऊ नये. असे विषय येतात तेव्हा त्यांच्यावर अर्धा तास चर्चा होते आणि त्यानंतरचे अंदाजपत्रक पाच मिनिटांत मंजूर होते. विषयपत्रिका लिहितानाच जड विषय वर घ्यावेत. लोक ताजेतवाने असतात तेव्हा पैशाचे बोलून घ्यावे.

संस्था सरांनी (किंवा ताईंनी) शून्यातून उभी केली. त्यांनाच हिशेब विचारणे बरे दिसत नाही. काय करावे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुतेकदा सभा संपल्यावर, बाहेर चहा घेताना.

ज्या माणसाने घर गहाण टाकून संस्था चालवली त्याच्यासमोर "व्हाउचर दाखवा" म्हणणे कोणालाही जड जाते. ही भावना खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पण हिशेब विचारल्याने त्या माणसाचेच रक्षण होते, हेही तितकेच खरे. उद्या कोणी तक्रार केली तर चौकशी अधिकारी सरांच्या त्यागाबद्दल विचारणार नाही. तो ठराव, व्हाउचर आणि बँक पासबुक मागेल. ते सगळे मंडळाने वेळच्या वेळी पाहिलेले असेल तर सर एकटे पडत नाहीत.

मार्ग असा की प्रश्न माणसाला जोडू नये, वेळापत्रकाला जोडावा. दर तिमाहीला जमाखर्चाचा तक्ता सभेच्या आठ दिवस आधी सगळ्यांना जाईल, असा ठराव एकदाच करून घ्यावा. मग तक्ता मागणे हा कोणाच्या हेतूबद्दलचा प्रश्न राहत नाही, ठरावाची अंमलबजावणी होते. चेकवर दोन सह्या, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नकोत, हाही असाच एकदा करून ठेवायचा ठराव.

संस्थापकांशी आणखी एक बोलणे अवघड पण आवश्यक आहे: तुमच्यानंतर कोण? हे बोलणे ते धडधाकट असताना, शक्यतो त्यांच्याच पुढाकाराने व्हावे. देणगीदारांची ओळख, सरकारी कार्यालयांतले संबंध, जमिनीचे मूळ कागद, बँकेचे लॉकर हे सगळे एकाच माणसाच्या डोक्यात आणि कपाटात असेल तर संस्था एका आजारपणाने थांबू शकते. संस्थापकांनी अध्यक्षपद सोडून दोन वर्षे मार्गदर्शक म्हणून राहावे आणि नव्या अध्यक्षांनी त्यांच्या डोळ्यांदेखत कारभार शिकावा, ही व्यवस्था चांगली चालते. अट एकच: त्या दोन वर्षांत चेकवर सही आणि कर्मचाऱ्यांना सूचना नव्या अध्यक्षांच्याच असल्या पाहिजेत.

विश्वस्तांमध्ये नातेवाईक असले तर चालतात का?

कायद्याने सरसकट बंदी नाही. पण सात जणांत चार एकाच घरातले असतील तर ते मंडळ घरच्या बैठकीसारखे चालते आणि देणगीदारही ते ओळखतात. नवरा-बायको, सासरे-जावई अशी जोडी असेल तर अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष ही दोन पदे त्यांच्यात तरी नसावीत. घटनादुरुस्तीची संधी मिळेल तेव्हा एका कुटुंबातले जास्तीत जास्त किती, हे लिहूनच टाकावे.

एखाद्या विश्वस्ताकडून संस्थेने वस्तू किंवा सेवा घेतली तर?

विश्वस्ताची छपाई आहे आणि तो संस्थेची पत्रके निम्म्या दरात छापतो, असे अनेक ठिकाणी असते. ते वाईट नाही. फक्त तीन गोष्टी कराव्यात. त्याने आपला संबंध सभेत सांगावा, त्या विषयावर मत देऊ नये आणि इतर दोन ठिकाणचे दर फाइलला लावावेत. आयकर खातेही विश्वस्तांना आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या रकमा वेगळ्या नजरेने पाहते. बाजारभावापेक्षा जास्त दिले असे ठरले तर करसवलत अडचणीत येते.

विश्वस्ताला मानधन देता येते का, हे आधी घटनेत पाहावे. घटना परवानगी देत असेल तरी रक्कम कामाच्या मानाने वाजवी असावी आणि ठराव स्वच्छ असावा. प्रवासखर्च मात्र जरूर द्यावा. तो न दिल्यामुळे गरीब घरातला किंवा लांबच्या गावातला चांगला माणूस मंडळात येऊच शकत नाही.

संस्थेचे काम आणि मोबदला यांचा हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा की बाहेरचे उत्पन्न घेतले तरी चालेल, यावरून तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये लोकमान्य टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. एवढ्या मोठ्या माणसांत, एवढ्या ध्येयवादी संस्थेत हा प्रश्न उभा राहिला, तर तो आपल्याकडे येणारच नाही असे धरून चालू नये. नियम आधी लिहिलेला असला की वाद आला तरी माणसे तुटत नाहीत.

सभेला कोरमच भरत नाही. तहकूब करून अर्ध्या तासाने घेतली तर चालते ना?

घटनेत तशी तरतूद असेल तर चालते. पण दरवेळी तहकूब सभेवरच कारभार होत असेल तर दुखणे दुसरे आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच चार सभांच्या तारखा ठरवून टाका. वेळ लोकांना विचारून ठरवा. शिक्षक आहेत तर परीक्षा सांभाळा, शेतकरी आहेत तर पेरणी-सुगी सांभाळा. आणि सभेत खरोखर काही ठरते आहे हे लोकांना दिसू द्या. आधीच ठरलेल्या गोष्टींना माना डोलवायला पन्नास किलोमीटरवरून कोण येणार?

लागोपाठ तीन सभांना सूचना न देता गैरहजर राहिल्यास पद रिक्त, अशी तरतूद पुष्कळ घटनांत असते आणि ती वापरली मात्र जात नाही. वापरावी. आधी फोन करावा, अडचण समजून घ्यावी, मग पत्र द्यावे. बऱ्याच जणांना सन्मानाने मोकळे व्हायचेच असते, पण कोणी विचारत नाही.

इतिवृत्त कसे लिहावे? आमचे कार्यवाह एक पानात आटोपतात.

एक पान पुरेसे असू शकते. पण त्यात काय आहे हे महत्त्वाचे. नेहमी दिसणारा नमुना असा:

"विषय क्र. ३: मागील तिमाहीचा जमाखर्च मंजूर करणे. मा. कोषाध्यक्षांनी जमाखर्च वाचून दाखवला. त्यावर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर करण्यात आला. सूचक, अनुमोदक."

यातून पाच वर्षांनी कोणाला काहीही कळणार नाही. तोच विषय असा लिहिता येतो:

"विषय क्र. ३: मागील तिमाहीचा जमाखर्च. तक्ता सदस्यांना आठ दिवस आधी मिळाला होता. वाहनखर्च अंदाजपत्रकापेक्षा जास्त का, असा प्रश्न एका सदस्यांनी विचारला. दोन महिने भाड्याची गाडी घ्यावी लागली, असे प्रकल्प समन्वयकांनी सांगितले. यापुढे गाडी भाड्याने घेण्याआधी कोषाध्यक्षांची लेखी संमती घ्यावी असे ठरले. या अटीसह जमाखर्च मंजूर. एका सदस्यांनी विरोधी मत नोंदवले."

चार ओळी जास्त झाल्या, पण प्रश्न, उत्तर, निर्णय आणि विरोध हे चारही कागदावर आले. विरोधी मत नोंदवणे म्हणजे भांडण नव्हे. ज्याने ते नोंदवले त्याचा तो हक्क आहे, आणि पुढे निर्णय चुकला असे दिसले तर मंडळाला मागे वळून पाहण्याची सोय आहे.

बाकीच्या गोष्टी शिस्तीच्या आहेत. पानांना क्रमांक असलेली बांधीव वही वापरावी. मधे कोरी जागा सोडू नये. हजेरीच्या सह्या त्याच दिवशी, त्याच ठिकाणी घ्याव्यात. सभा न घेताच वही घरोघर फिरवून सह्या घेणे हा प्रकार ताबडतोब बंद करावा, कितीही जुनी पद्धत असली तरी. पुढच्या सभेत पहिला विषय "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" आणि लगेच दुसरा "त्यातील ठरावांवर झालेली कार्यवाही" असा ठेवावा. हा दुसरा विषय ठेवला की वर्षभरात मंडळाचा नूर बदलतो, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे.

आम्हाला ताळेबंद कळत नाही. ते सीएंवर सोडले तर काय बिघडले?

सीए हिशेब तपासतात. निर्णयाची जबाबदारी विश्वस्तांचीच राहते. आणि ताळेबंद वाचायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. एक तास शांतपणे बसले तर पाचवी-सातवी शिकलेल्या बचत गटाच्या ताईसुद्धा तो वाचतात, कारण त्यांना पैसे मोजायची सवय असते.

सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा ताळेबंद शेड्यूल आठ आणि उत्पन्न-खर्चपत्रक शेड्यूल नऊ या नमुन्यात असते. शेड्यूल आठ समोर घ्या. मालमत्तेच्या बाजूला "अग्रिम" हा भाग शोधा. तिथे विश्वस्तांना, कर्मचाऱ्यांना, ठेकेदारांना दिलेल्या उचली वेगवेगळ्या दाखवायच्या असतात. विश्वस्तांपुढे रक्कम असेल तर कोणी, कशासाठी, कधी घेतली आणि परत कधी येणार, हे विचारा. तीच रक्कम गेल्या वर्षीच्या ताळेबंदातही असेल तर ती उचल आता उचल राहिलेली नाही. मग रोख आणि बँक शिल्लक पाहा. रोख रक्कम विश्वस्ताकडे किती आणि व्यवस्थापकाकडे किती, हेही त्यात लिहायचे असते. मार्चअखेर कोणाच्या हाती मोठी रोकड दिसली तर ती का, हे विचारणे अगदी साधे आहे.

दुसऱ्या बाजूला ठरावीक कामासाठी मिळालेले निधी पाहा: इमारत निधी, शिष्यवृत्ती निधी. त्या रकमेइतक्या ठेवी किंवा बँक शिल्लक मालमत्तेच्या बाजूला आहे का? नसेल तर शिष्यवृत्तीच्या पैशातून पगार झालेले असू शकतात. अडचणीच्या काळात असे घडते, वाईट हेतू नसतानाही घडते. पण मंडळाला ते माहीत हवे आणि भरून काढायची तारीख ठरलेली हवी.

आणखी एक कागद आहे जो जवळजवळ कोणीच वाचत नाही. लेखापरीक्षकांच्या अहवालासोबत एक प्रश्नावली जोडलेली असते. विश्वस्तांची किमान-कमाल संख्या राखली आहे का, घटनेप्रमाणे सभा नियमित होतात का, इतिवृत्त पुस्तक ठेवले आहे का, संस्थेच्या गुंतवणुकीत विश्वस्ताचा काही हितसंबंध आहे का, कोणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, गेल्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या का, असे प्रश्न त्यात असतात. समोर "होय" किंवा "नाही" लिहून येते. मंडळाने ही प्रश्नावली लेखापरीक्षणाआधी सभेत मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक उत्तर खरे आहे का हे स्वतःच ठरवावे. मंडळाची तब्येत तपासायला याहून चांगला कागद आम्हाला माहीत नाही, आणि तो दरवर्षी आपल्याच फाइलला लागतो.

बदल अर्ज अनेक वर्षे दाखलच झालेले नाहीत. आता काय होईल?

विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, मालमत्तेत बदल झाला, तर १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचे असते. त्यालाच आपण बदल अर्ज म्हणतो. तो राहिला की नोंदवहीत जुनीच नावे राहतात. मग अशी स्थिती येते की नोंदीतले अर्धे विश्वस्त दिवंगत आणि प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यांपैकी कोणाचेच नाव नोंदीत नाही. बँक खात्याच्या सह्या बदलायला गेले की शेड्यूल वन मागितले जाते आणि सगळे तिथे अडते.

उशीर झाला तरी अर्ज करता येतो. विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो आणि उशिराचे कारण पटवावे लागते. अनेक निवडणुकांचे बदल राहिले असतील तर ते क्रमाने द्यावे लागतात, कारण मधली एक कडी नसली की पुढच्या मंडळाला निवडून देणाऱ्यांच्या अधिकारावरच प्रश्न येतो. सोबत लागणारे कागद साधेच असतात: सभेची नोटीस, ती सदस्यांना मिळाल्याचा पुरावा, हजेरी, ठरावाची प्रत, जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, येणाऱ्याचे संमतिपत्र, प्रतिज्ञापत्र. यात सगळ्यांत जास्त अडते ते नोटीस मिळाल्याच्या पुराव्यावर. म्हणून निवडणुकीच्या सभेची नोटीस पोहोच मिळणाऱ्या टपालाने पाठवा किंवा टपाल वहीवर हाती देऊन सही घ्या. त्या वेळी वाचवलेला टपालखर्च पुढे वकिलाच्या फीमध्ये जातो.

संस्था नोंदणी कायद्यात आणखी एक अट आहे जी ऐन निवडणुकीत आठवते. ज्या सभासदाची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मताचा अधिकार नाही. सभासद नोंदवही आणि वर्गणीच्या पावत्या अद्ययावत नसतील तर मतदार कोण, यावरच निवडणूक उलटू शकते.

तहहयात विश्वस्त ठेवावेत का?

आमचे मत: नवीन घटनेत ठेवू नयेत. ज्येष्ठांचा अनुभव हवाच, पण त्यासाठी सल्लागार पद आहे. तीन किंवा पाच वर्षांची मुदत, लागोपाठ दोन कार्यकाळांनंतर एका कार्यकाळाचा खंड आणि दरवेळी एक तृतीयांश सदस्यच बदलतील अशी रचना, हे निभावते. सगळे मंडळ एकाच दिवशी बदलले की संस्थेची आठवणच पुसली जाते. आधीपासून तहहयात पदे असतील तर जाणकार वकिलांकडून घटना पुन्हा वाचून घ्या. २०२५ मध्ये राज्याने अशा पदांच्या संख्येवर मर्यादा आणणारी दुरुस्ती केली आहे.

नवे विश्वस्त आणायचे कुठून? तरुण मिळत नाहीत.

तरुणांना पद नको असते असे नाही. त्यांना हे सांगितले जात नाही की नेमके काय करायचे, किती वेळ द्यायचा आणि बोललेले ऐकले जाणार आहे का. "तुमचे नाव घालतो, फक्त सही करा" असे सांगून आणलेला माणूस सहीच करणार.

आधी मंडळात काय कमी आहे ते पाहा. बहुतेक संस्थांत शिक्षक आणि समाजकार्यकर्ते भरपूर असतात. कायदा जाणणारा, हिशेब जाणणारा आणि संस्थेच्या विषयातला तज्ज्ञ कमी पडतो. मग त्या माणसाला लगेच विश्वस्त न करता वर्षभर एखाद्या उपसमितीत घ्या: बांधकाम, शिष्यवृत्ती निवड, हिशेब. काम कळते, स्वभाव कळतो, दोघांनाही नाही म्हणायची सोय राहते. संस्थेचे माजी विद्यार्थी, वसतिगृहात राहून गेलेल्या मुली, निवृत्त बँक कर्मचारी, तालुक्यातले सीए, पुण्या-मुंबईला गेलेली पण गावाशी नाते राखणारी माणसे, इथे शोध घ्यावा. स्त्रियांची संख्या सांगायला एक इतकी ठेवून भागत नाही. महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मंडळात तर आठात सहा पुरुष असणे आम्हाला मान्यच नाही.

ज्यांच्यासाठी काम करतो त्यांना मंडळात घ्यावे का? त्यांना कारभार जमेल?

घ्यावे. पुणे सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली तेव्हा सभासद होण्यासाठी किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, हे आधी दाखवा, असा तो दंडक होता. आज संस्था वस्तीच्या नावाने निधी मागते आणि मंडळात वस्तीतले कोणी नसते.

एकाच लाभार्थ्याला घेऊन कोपऱ्यात बसवू नका. निदान दोघे घ्या, म्हणजे एकमेकांच्या आधाराने बोलतात. सभेची भाषा सोपी ठेवा, कागद मराठीत द्या, सभा कधीतरी त्यांच्या वस्तीत घ्या. रोजंदारी बुडत असेल तर तिची भरपाई द्या. पालक प्रतिनिधी सभेत बसू लागल्यावर वसतिगृहाच्या जेवणाची चर्चा कशी बदलते, हे एकदा अनुभवून पाहावे.

कोणत्या गोष्टींना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते?

मुख्य तीन लक्षात ठेवा. स्थावर मालमत्ता विकणे, बदलणे, बक्षीस देणे किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे (शेतजमीन दहा वर्षांहून जास्त, इतर जमीन वा इमारत तीन वर्षांहून जास्त) याला कलम ३६ ची मंजुरी लागते. संस्थेसाठी कर्ज काढायलाही लागते. विश्वस्ताने अडचणीत हातउसने पैसे घातले तरी ते संस्थेचे कर्जच ठरते, हे बहुतेकांना माहीत नसते. आणि शिल्लक पैसा कुठे गुंतवायचा याला कलम ३५ ची चौकट आहे. जास्त व्याज मिळते म्हणून गावच्या पतसंस्थेत ठेव ठेवण्याआधी ते कलम वाचा. अंदाजपत्रकही नवे वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी द्यायचे असते, आणि ते मंडळाने खरोखर चर्चा करून केलेले असावे.

कंपन्यांचा सीएसआर निधी किंवा परदेशी देणगी घ्यायची तर मंडळात काय तयारी हवी?

सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून द्यायच्या निधीसाठी, १ एप्रिल २०२१ पासून संस्थेने कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी करणे बंधनकारक आहे. परदेशी देणगीला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही आणि तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पदाधिकारी बदलले की तिथेही वेगळे कळवावे लागते. या तारखा लक्षात ठेवायची जबाबदारी एका विश्वस्तावर नावानिशी टाका. लेखनिकावर सोडू नका.

कंपनीचे लोक भेटीला येतात तेव्हा ते इतिवृत्त पुस्तक मागतात. तेव्हा घाईने लिहिलेली वही त्यांना ओळखता येते.

अध्यक्ष रोज कार्यालयात येऊन कर्मचाऱ्यांना कामे सांगतात. मुख्य कार्यकर्त्याची कोंडी होते.

मंडळ एकत्र बसते तेव्हाच मंडळ असते. सभेबाहेर एकटा विश्वस्त, अध्यक्षसुद्धा, ठरावाने दिले तेवढेच अधिकार वापरू शकतो. मुख्य कार्यकर्ता किती रकमेपर्यंत स्वतः खर्च करू शकतो, नेमणुका कोण करतो, रजा कोण मंजूर करतो, हे एका पानावर लिहून सभेत मंजूर करा. अध्यक्षांना काही सुचवायचे असेल तर ते मुख्य कार्यकर्त्याला सुचवावे. कर्मचाऱ्यांना दोन मालक झाले की चांगले कर्मचारी आधी जातात.

व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी होकार दिला तर ठराव झाला का?

नाही. तातडीचे मत आजमावायला ग्रुप ठीक आहे. निर्णय पुढच्या सभेत रीतसर घ्यावा. ऑनलाइन सभा घ्यायची असेल तर तशी तरतूद घटनेत करून घ्यावी, आणि निवडणूक व घटनादुरुस्तीच्या सभा प्रत्यक्षच घ्याव्यात. संस्थेची उद्दिष्टेच बदलायची असतील तर १८६० च्या कायद्यात दोन विशेष सभांची पायरी आहे: पहिल्या सभेत तीन पंचमांश मतांनी मंजुरी आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तितक्याच मतांनी कायम करणे. हे घाईने करण्याचे काम नाही आणि कायद्यालाही ते घाईने व्हायला नको आहे.

मंडळात दोन गट पडले आहेत. धर्मादाय कार्यालयात जावे का?

ते दार आहेच. हिशेब सातत्याने न देणे, निधीचा गैरवापर, आदेशांचे हेतुपुरस्सर उल्लंघन अशा कारणांवर कलम ४१ डी प्रमाणे विश्वस्ताला निलंबित करता येते, काढूनही टाकता येते. पैशाचा किंवा मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर थांबू नका, जा.

पण वाद मान-अपमानाचा असेल तर आधी दोन्ही गटांना मान्य असलेल्या बाहेरच्या एका माणसाला बसवून बोला. वाद कज्ज्यात गेला की तो वर्षानुवर्षे चालतो. तोवर बँका सह्या मान्य करत नाहीत, अनुदान थांबते, पगार थकतात, आणि वसतिगृहातली मुले सुट्टीला घरी गेली की परत येत नाहीत. निदान एवढे तरी दोन्ही गटांनी लिहून द्यावे की वाद मिटेपर्यंत पगार, जेवण आणि औषधांचे चेक कोणी अडवणार नाही.

नव्या विश्वस्ताला पहिल्या सभेआधी काय द्यावे?

घटना व नियमावली, शेड्यूल वनचा ताजा उतारा, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल प्रश्नावलीसह, गेल्या वर्षभरातली इतिवृत्ते, चालू अंदाजपत्रक, कर्मचाऱ्यांची यादी आणि चालू असलेले दावे. एवढी एक फाइल. त्यासोबत एक दिवस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, पदाधिकाऱ्यांशिवाय, कार्यकर्त्यांबरोबर. आणि पहिल्या सभेत अध्यक्षांनी त्यांना सत्कार न करता विचारावे की फाइल वाचून कोणते प्रश्न पडले. ते प्रश्न त्याच दिवशी इतिवृत्तात घ्यावेत.